पाठ दिसली की आत या

करनैलसिंग ओमान सोडून गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं, पण माझी काही त्यांच्यातून सुटका नाही. अजूनही सोहारमध्ये कुणाकडे गणपतीला गेलो की प्रसादाची वाटी हातात देता देता कोणीतरी विचारतंच, "काय पाटणकर, यंदा तुमचा भांगडा नाही का?" आणि ज्याचा पंजाबशी संबंध छोल्यांपलीकडे कधी गेला नाही असा मी तावातावाने सांगतो, "भांगडा नव्हे हो. गिद्धा." समोरचा म्हणतो, "गिद्धा तर बायकांचा ना?" मग मी वाटी खाली ठेवतो. "पुरुषांचाही असतो. माळव्याचा. पंजाबातल्या माळव्याचा, इंदूरच्या नव्हे." त्या घरच्या वहिनींच्या चेहऱ्यावर, हे आता लांबणार, असं स्पष्ट दिसतं आणि ते लांबतंच. गाडी चालवत घरी येताना मला माझाच राग येतो. माणूस निघून गेला आणि जाताना स्वतःचं व्याख्यान माझ्या तोंडात ठेवून गेला.

सोहार औद्योगिक वसाहतीत आमचा टाक्या आणि पाइप बनवायचा कारखाना आहे. करनैलसिंग तिथे फॅब्रिकेशनचे फोरमन आणि मी वेल्डिंग तपासणारा इन्स्पेक्टर. म्हणजे ते जोडणार आणि मी त्यात खोट काढणार. साठीला टेकलेला उंच माणूस, पांढरी दाढी नीट बांधलेली, आणि चालणं असं की जमिनीला दुखेल की काय याची काळजी घेतल्यासारखं. मी त्यांच्या एखाद्या जोडावर पिवळ्या खडूने फुली मारली की ते वाद घालत नसत. कान जोडाजवळ नेत, बोटाच्या पेराने पाइप ठोकून बघत आणि म्हणत, "साब जी ठीक कहते हैं. यहाँ बेसुरा है." पहिली काही वर्षं मला हे फार आवडायचं. हाच कान एक दिवस आपल्यावर उलटणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

तो दिवस मला नेमका आठवतो, कारण त्याच आठवड्यात माझी बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या. मृण्मयीची बारावी झाली होती, तिथे कॉलेज मिळालं होतं, तिच्याबरोबर आई हवी म्हणून आई गेली. तोवर मी आखाती भाषेत 'फॅमिलीवाला' होतो. आता झालो 'बॅचलर'. इथे बॅचलर म्हणजे ज्याचं लग्न झालेलं नाही असा नव्हे. ज्याची माणसं दुसरीकडे आहेत, तो बॅचलर. करनैलसिंगांना तीन मुली होत्या आणि ते सव्वीस वर्षं बॅचलर होते.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात करनैलसिंग, हातात गाजराच्या हलव्याचा डबा.

"साब जी, सुना है भाभी जी चली गईं."

मला वाटलं, समाचाराला आले. मी बसा म्हणालो. ते बसले नाहीत.

"तो अब आप छड़े हो गए. मुबारक हो. पाँच बजे कँटीन के पीछे आ जाना. आठ आदमी चाहिए थे, सात थे."

छडा म्हणजे सडाफटिंग. त्यांच्या गावाकडे लग्नघरात बायका गिद्धा करत, तिथे बिनलग्नाच्या पुरुषांना कोणी उभं करत नसे. मग त्या छड्यांनी आपला वेगळा गिद्धा काढला. गोल करून उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, एकाने मधे येऊन बोली म्हणायची म्हणजे दोन-तीन ओळींचा टोमणा, आणि शेवटची ओळ सगळ्यांनी उचलून धरून नाचायचं. ज्यांना घरात घेतलं नाही त्यांचा हा नाच. करनैलसिंगांचं म्हणणं असं की ओमानातल्या कामगारांच्या कँपइतके छडे पंजाबात एका जागी कधी जमलेच नव्हते, तेव्हा हा नाच इथेच शोभतो.

ते मला नाचायला का बोलावत होते हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यात लपवाछपवी नव्हती. थोरल्या मुलीच्या लग्नाला ते गेले नव्हते. कारखान्याचं शटडाउन होतं, म्हणजे दुरुस्तीचं दिवसरात्र काम, सोडलं नाही. मधलीच्या वेळी विमानंच बंद होती. तिने कॅनडातून सासरच्या माणसांसह फोनवर पाया पडून घेतलं. आता राहिली होती धाकटी, जस्सी. तिचं लग्न ठरायला अजून तीनेक वर्षं होती आणि त्याच सुमारास यांची नोकरी संपणार होती.

"साब, एक तो मेरे हाथ से हो. जस्सी की शादी में मैं गोल बाँधूँगा. पर पैर भूल जाएँगे तो? छब्बीस साल से ये सेफ्टी शूज़ में हैं. हर जुमे को चलाना पड़ेगा."

एवढ्या कारणासाठी माणूस नाही कसं म्हणणार? मी गेलो आणि फसलो.

कँटीनच्या मागे पत्र्याच्या शेडखाली तो गोल भरायचा. करनैलसिंग सोडले तर खरे पंजाबी त्यात दोघेच, आणि दोघंही लुधियानाकडचे, म्हणजे करनैलसिंगांच्या मते शहरी आणि बिघडलेले. बाकी इलेक्ट्रिशियन कुरियन, केरळचा. दोन बिहारी फिटर. शिवाय इब्राहिमभाई. ते मूळ दापोलीकडचे, सहमला त्यांचं किराण्याचं दुकान. दर शुक्रवारी दुकान भाच्यावर सोपवून चाळीस मिनिटं गाडी हाणत यायचे आणि आल्या आल्या मला मराठीत म्हणायचे, "पाटणकर, ह्या मानसानं आपल्याला पार वेडं केलान्." पण यायचे. वेड लावणाऱ्याकडे येण्यात एकही शुक्रवार चुकवायचे नाहीत.

पहिले दोन महिने आम्ही फक्त टाळी शिकलो. नुसती टाळी! मी चाळिशी ओलांडलेला माणूस, घरच्या आरतीला तीस वर्षं टाळ्या वाजवलेल्या. करनैलसिंग डोळे मिटून माझ्या तोंडासमोर उभे राहत.

"फिर से."

मी वाजवायचो.

"फिर से." मग डोळे उघडून, अगदी खेद वाटल्यासारखं, "साब जी, आपकी ताली में पोरोसिटी है."

पोरोसिटी म्हणजे वेल्डिंगमध्ये हवेचे बुडबुडे राहतात ते. बाहेरून जोड चकचकीत, आतून पोकळ. माझाच शब्द, माझ्याच रिपोर्टातला, सात माणसांसमोर माझ्या तळहातांवर मारला. मी चिडून म्हणालो, टाळीत पोकळी कशी असेल? ते म्हणाले, "आप बजा रहे हो, दे नहीं रहे. सामनेवाले को दो." समोर कुरियन होता. कुरियनला टाळी द्यायची म्हणजे काय करायचं हे मला काही केल्या कळेना.

पालथ्या घड्यावर पाणी ओतून ते थकतील असं मला वाटत होतं. ते थकले नाहीत. त्यांनी मला खार दिली. 'काटो' म्हणतात तिला. काठीच्या टोकाला लाकडी खार, खालची दोरी ओढली की ती शेपटी आपटून टक्क आवाज करते. पॅलेटच्या फळ्यांतून त्यांनी ती स्वतः कोरली होती. लाकडी पट्ट्यांची उघडझाप करणारी जाळी, सप्प, तीही त्यांनीच केली. वर्कशॉपमधल्या पट्टीचा हातभर लांब चिमटा केला, त्याला झांजांसारख्या चकत्या लावल्या. चिमटा इब्राहिमभाईंना आणि सप्प कुरियनला मिळाली. पहिल्या श्रेणीत इंजिनीअर झालेल्या माझ्या हाती लाकडी खार. मृण्मयीला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, "बाबा, इज दॅट अ टॉय? तुम्ही... आर यू ओके?" मी म्हणालो, ओके आहे. दुसरं काय सांगणार?

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण पुढे बोलीची पाळी आली. प्रत्येकाने स्वतःची बोली करायची, ज्याच्या त्याच्या भाषेत, अशी त्यांची सक्ती. पाठ केलेली चालणार नाही, यूट्यूबवरची तर मुळीच नाही. "उधार की बोली पर पैर नहीं उठता." आणि दुसरा नियम, रडायचं नाही. एका फिटरने आईच्या आठवणीची बोली केली, छान होती. करनैलसिंगांनी हात वर करून थांबवलं. "रोना है तो फोन पर रोओ. यहाँ छेड़ो. जिस बात पे रोना आता है, उसी को छेड़ो."

बोलीची म्हणे एक जुनी घडण आहे. गावचा गडी बारा वर्षं कमवायला जातो आणि येताना काहीतरी फुटकळ वस्तू घेऊन येतो. ती वस्तू काय, हे पहिल्या ओळीत. तिला यमक जुळवून टोमणा पुढच्या ओळीत. वस्तूचा आणि टोमण्याचा काही संबंध असायलाच हवा असं नाही. मी तपासणीतला माणूस, मला हे सहन होईना. बारा वर्षं राबून माणूस बादली आणतो? आणि का आणतो? "यमक के लिए," करनैलसिंग शांतपणे म्हणायचे. "और बारा क्या चीज़ है साब, मैं तो छब्बीस का हूँ. मैं क्या ले जाऊँगा, सोचो." मग स्वतःच हसायचे.

माझ्याच्याने सव्वा वर्ष बोली झाली नाही. दर शुक्रवारी तोच प्रश्न, तीच माझी सबब, आणि त्यांची ती खेद वाटल्यासारखी मान. शेवटी एकदा सुट्टीत पुण्याला जाऊन आलो आणि आलो तोच गाडीत सुचली. गोलात जाऊन खार टकटकवत म्हटली:

"सोहारला गेलो कमवायला, घेऊन आलो खजूर,
लेक विचारते, कोण हो काका? बाप म्हणतो, हजूर!"

इब्राहिमभाई मोठ्याने हसले. मग त्यांनी करनैलसिंगांना हिंदीत अर्थ सांगितला. करनैलसिंगही हसले, आणि मग थोडा वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, चला, सव्वा वर्षाने का होईना, पास झालो.

"अच्छी है," ते म्हणाले. "पर आख़िर में एक मात्रा कम है. हजूर से पहले गड्ढा है. पैर पड़ता है उसमें."

डोक्यात तिडीक गेली. खार तिथेच टेकवून मी घरी निघून गेलो. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर, रिपोर्टांच्या फाइलवर बसवून ठेवलेली होती.

आता फंक्शनची गोष्ट सांगतो, म्हणजे मला काय सोसावं लागलं ते कळेल. इथल्या भारतीय मंडळींचा वार्षिक कार्यक्रम असतो. प्रत्येक भाषेच्या गटाला सहा मिनिटं. सांस्कृतिक सेक्रेटरींना पंजाबचा आयटम हवा होता आणि तो त्यांच्या मनात ठरलेला होता: रंगीत फेटे, काळे गॉगल, ढोलाचा ट्रॅक, शेवटी सगळे खांद्यावर चढून मनोरा. मी गटाचा समन्वयक. करनैलसिंगांनी फॉर्मवर सही करायला मला पुढे केलं होतं. सेक्रेटरी मला म्हणाले, "एनर्जी हवी पाटणकर, एनर्जी. चीफ गेस्ट येणार आहेत." मी मान डोलावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पडदा उघडला. आठ माणसं, साधे कुडते, बाहेरून पांढरी, आतून घामेजलेली. आणि आम्ही जसे दर शुक्रवारी उभे राहायचो तसेच उभे राहिलो, गोल. म्हणजे आठातल्या पाच जणांची पाठ प्रेक्षकांकडे आणि त्यातली सर्वांत रुंद, करनैलसिंगांची, थेट चीफ गेस्टकडे.

मी त्यांना आदल्या दिवशी चारदा सांगितलं होतं. अर्धगोल करू या. लोकांना चेहरे दिसायला नकोत का? त्यांचं उत्तर ठरलेलं. "साब जी, गोल का मुँह अंदर होता है. हमारे यहाँ जिसको पीठ दिखे, वो समझता है कि गिद्धा लग गया. पीठ दिखे तो अंदर आ जाओ. दो आदमी सरकते हैं, जगह हो जाती है. सामने बैठ के देखने की चीज़ ही नहीं है ये."

दोन मिनिटं झाली. कुजबुज सुरू झाली. निवेदिका बाई माइकवर गोड आवाजात म्हणाल्या, "परफॉर्मर्सनी प्लीज ऑडियन्सकडे फेस करावं." कोणी केलं नाही. पुन्हा म्हणाल्या. करनैलसिंगांनी न वळताच एक हात मागे करून हलवला, या या, असा. अख्ख्या सभागृहाला बोलावत होते! सेक्रेटरी विंगेतून माझ्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवत होते. चीफ गेस्ट जागचे हलले नाहीत. हलला तो मागच्या दारावरचा म्हातारा वॉचमन, सालेम. इथलाच ओमानी. पायऱ्या चढून तो स्टेजवर आला, दोन माणसांच्या मधे खांदा घातला, आणि हातातली बारीक काठी वर फिरवत आमच्याबरोबर पाय टाकू लागला. त्यांच्याकडेही लग्नात पुरुष असेच काठ्या घेऊन ओळीने नाचतात, त्याला काही समजावून सांगायला लागलं नाही. कुरियन सरकला, जागा झाली. करनैलसिंगांनी "ओ बल्ले!" म्हणून अशी आरोळी दिली की माइकची गरजच उरली नाही. बरंच झालं, कारण माइक तेवढ्यात बंद करण्यात आला होता.

माफीचं पत्र मी लिहिलं. पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. करनैलसिंगांना त्याचं काहीच नव्हतं. ते महिनाभर एकच सांगत होते, "देखा? पूरे हॉल में एक ही समझदार आदमी था."

दोन हिवाळे आणखी गेले. जस्सीचं लग्न ठरलं, यांचे कागद झाले. जायच्या दिवशी सोहारहून मस्कतच्या विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेलो. दोनशे किलोमीटर ते एक शब्द गावाबद्दल बोलले नाहीत, माझ्या टाळीबद्दलच बोलत होते. सामान वजनात बसलं होतं. सप्प बॅगेत, खार त्यांनी मला देऊन टाकली होती. पण चिमटा त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवला होता. मी म्हणालो, पाजी, हे लोखंड वर नेऊ देणार नाहीत. ते म्हणाले, बॅगेत टाकला तर चकत्या वाकतील, आवाज जाईल. "मैं समझा दूँगा."

आणि समजावलंही. दोरीच्या अलीकडून मला दिसत होतं. सिक्युरिटीच्या माणसाने चिमटा वर धरला, हे काय, असं विचारलं. करनैलसिंगांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि वाजवून दाखवला. रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. अधिकारी हसला, त्याने स्वतःही एकदा वाजवून पाहिला, मग मान हलवून म्हणाला असावा, खलास, बाहेर ठेव. हात उंच करून त्यांनी मला बोलावलं आणि चिमटा दोरीपलीकडून माझ्या हातात दिला. आयुष्यभराचं सामान शांतपणे आवरलेला माणूस त्या चिमट्यापाशी पहिल्यांदा गडबडला. "साब, इसके बिना उठेगा कैसे?" मी म्हणालो, तिथे गावात दहा मिळतील. "मिलेंगे," ते म्हणाले, पण त्यांचा विश्वास दिसला नाही.

चिमटा मी गाडीच्या डिकीत टाकला आणि तिथेच विसरलो. खड्ड्यातून गाडी गेली की मागे छणकायचा. तेवढीच त्यांची आठवण, आणि तीही वैताग देणारी.

तीन आठवड्यांनी, रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या दिवशी, मी मस्कतला अल् खुवैरमध्ये एका ऑफिसात ड्रॉइंगच्या मंजुरीसाठी बसलो होतो. फोन वाजला, करनैलसिंग. मी कट केला. पुन्हा वाजला. चौथ्यांदा कट केल्यावर आवाजी निरोप आला. मी फोन कानाला लावला. मागे बराच गोंगाट आणि त्यावर त्यांचा आवाज, कधी नव्हे इतका बारीक: "साब जी, गोल नहीं बन रहा."

समोरच्या साहेबाला पाच मिनिटं मागून मी खाली आलो, गाडीत बसलो, एसी लावला, व्हिडिओ कॉल केला. मंडप दिसला. स्टेजवर एकसारखी जाकिटं आणि काळे गॉगल घातलेली शहरातली भाड्याची तुकडी नुकतीच नाचून उतरत होती, सगळ्यांचं तोंड व्हिडिओवाल्याकडे. डीजे जेवायला गेला होता म्हणून थोडी शांतता होती. करनैलसिंग गुलाबी पगडीत, कोपऱ्यात, आणि त्यांच्याभोवती खुर्च्यांवर तीन म्हातारे.

"अब ये पंद्रह मिनट हैं मेरे पास," ते म्हणाले. "डीजे आ गया तो ख़लास. गाँव में आदमी ही नहीं साब. आधे कॅनडा, आधे इटली. ये तीन हैं, इनके घुटने नहीं हैं. मैं बोली डालता हूँ, कोई उठाता नहीं. मोबाइल निकाल के वीडियो बनाते हैं." मग एकदम हुकूम. "कुरियन को लो. इब्राहिम को लो. तुम तीनों उठाओ."

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? पंजाबातल्या लग्नात गिद्धा उचलायला माणूस नाही म्हणून ओमानातून एक कोकणी दुकानदार, एक मल्याळी आणि मी! पण मी दोघांना कॉलमध्ये घेतलं. इब्राहिमभाई सहमच्या दुकानात गल्ल्यावर, मागे गिऱ्हाईक तांदूळ मागतंय. कुरियन हेल्मेट घालून कुठल्याशा पॅनेलसमोर. मला डिकीतला चिमटा आठवला. पळत जाऊन आणला. अल् खुवैरच्या पार्किंगमध्ये, टाय लावून, मांडीवर चिमटा घेऊन बसलो.

करनैलसिंगांनी फोन त्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याकडे दिला, स्वतः मोकळ्या जागेत गेले, कानावर हात ठेवला आणि बोली घातली. पहिल्या दोन शब्दांत मला कळलं. माझी होती. माझी खजुराची बोली, न विचारता, सरळ पंजाबीत नेलेली. "धी पुच्छदी, कौण ए चाचा?" ते म्हणाले, आणि थांबले, आणि आमच्याकडे हात केला, "पिओ कहे, जी हजूर!"

जी! तो एक 'जी' घालून त्यांनी खड्डा बुजवला होता. एवढं साधं मला दीड वर्षात सुचलं नव्हतं.

आम्ही उचलली. पण फोन तो फोन. माझा 'जी हजूर' आधी गेला, इब्राहिमभाईंचा मागाहून आणि कुरियनचा सगळ्यांत शेवटी, जणू तीन बाप तीन दारांतून हजेरी देतायत. "आगे-पीछे मत करो!" करनैलसिंग ओरडले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हजूर, हजूर, हजूर. खुर्चीवरचा म्हातारा खोखो हसू लागला. त्याच्या हसण्याने जेवणाच्या टेबलांवरची माणसं वळली. इब्राहिमभाईंच्या गिऱ्हाइकानेही चौथा 'जी हजूर' ठोकला. मी चिमटा बडवत होतो आणि बाजूच्या गाडीतली बाई काच वर करून घेत होती.

"फिर से," करनैलसिंग म्हणाले, आणि बोली पुन्हा घातली. धी पुच्छदी, कौण ए चाचा?

या वेळी आमच्या आधी कुणीतरी उचलली. बाईचा आवाज. फोन हलला आणि मला लाल चुडा भरलेले हात दिसले. जस्सी होती. नवरीच्या जागेवरून उठून आली होती. जन्मापासून मोजून काही महिने ज्याच्याबरोबर राहिली त्या बापासमोर उभी राहून ती टाळी देत होती. वाजवत नव्हती, देत होती. मला त्या क्षणी कळलं, त्यांना काय म्हणायचं होतं. "जी हजूर!" ती म्हणाली, आणि तिच्यामागून बायका आल्या, खुर्चीवरचे तिघे गुडघे धरत उठले, स्वयंपाकी आले. कुणीतरी फोन खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवला आणि तेही आत गेलं.

मग पडद्यावर नुसत्या पाठी होत्या. सगळ्यांत मोठी मधे, पांढरा कुडता घामाने चिकटलेला, खांदे वरखाली होणारे. आमचा आवाज आता तिथे पोहोचत नव्हता, कुणाला त्याची गरजही नव्हती. इब्राहिमभाई म्हणाले, "झाला बाबा गोल," आणि नाक शिंकरून तांदूळ द्यायला गेले. कुरियनचा कॉल गेला. मी "पाजी! पाजी, इकडे बघा, मी वर जातो!" म्हणून दोनदा ओरडलो. एकदाही वळले नाहीत. निरोप नाही, शाबासकी नाही, माझी बोली चोरली त्याबद्दल चकार शब्द नाही.

वर साहेब वाट बघत होता. माझा पाय काही गाडीतून निघेना. या माणसाने तीन वर्षं माझं डोकं खाऊन एकच गोष्ट शिकवली होती, की पाठ दिसली की आत जायचं. आता ती दिसत होती, वीतभर काचेत, आणि मला आत जाता येत नव्हतं.